गणितातून जीवशास्त्राकडे: गणितीय जीवशास्त्रात संशोधन करू पाहणाऱ्यांसाठी

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी मी आमच्या गणित विभागातल्या सरांना विचारलं होतं, ‘सर, मॅथेमॅटिकल बायोलॉजीत पीएचडी करायची तर अर्ज कुठे करायचा?’ सर म्हणाले, ‘गणितातच कर की. बायोलॉजी कशाला मध्येच?’ मग मैत्रिणीच्या ओळखीने प्राणिशास्त्राच्या मॅडमना भेटले. त्यांचा पहिलाच प्रश्न, ‘अकरावी-बारावीला बायो होतं का?’ नव्हतं. बेडूक कापायला लागू नये म्हणून मी बायो सोडून इलेक्ट्रॉनिक्स घेतलं होतं.

दोन्ही दारांवरून परत आल्यावर वर्षभर नुसती चाचपडत होते. पुढे पीएचडी झाली, परदेशात पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) झालं, आता शिकवते. दरवर्षी जून-जुलैत हेच प्रश्न विचारणारी मुलं भेटतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते आहे. हे प्रामुख्याने गणित, संख्याशास्त्र किंवा भौतिकशास्त्र शिकलेल्यांसाठी आहे. जीवशास्त्राकडून येणाऱ्यांचा रस्ता थोडा वेगळा, पण खड्डे तेच.

हे लोक करतात काय, हे एका उदाहरणात सांगते. एचआयव्हीची लागण झाली तरी रुग्णाला कित्येक वर्षं फारसा त्रास होत नाही. त्यामुळे त्या काळात विषाणू शरीरात निपचित पडून असावा असा समज होता. १९९५-९६ मध्ये डेव्हिड हो आणि ॲलन पेरेलसन यांच्या गटांनी रुग्णांना औषध दिल्यावर रक्तातले विषाणू किती वेगाने घटतात हे मोजलं आणि त्या घटीला दोन-तीन साधी समीकरणं लावली. उत्तर आलं की शरीरात रोज सुमारे एक हजार कोटी विषाणू तयार होतात आणि जवळपास तेवढेच मरतात. विषाणू झोपलेला नव्हताच. एवढ्या वेगाने प्रती निघत असतील तर एकट्या औषधाला चकवणारी प्रत आज ना उद्या निघणारच, म्हणून अनेक औषधं एकत्र देण्याच्या विचाराला बळ मिळालं. यातली समीकरणं बीएस्सीच्या मुलाला सोडवता येतील अशी आहेत. अवघड होतं ते कुठलं समीकरण मांडायचं आणि काय मोजायचं, हे ओळखणं.

१. आधी आपलं घर ठरवा

भारतात या विषयाला स्वतःचं दार जवळजवळ नाही. प्राध्यापकीच्या पात्रतेसाठी देशाची नेट आणि राज्याची सेट अशा परीक्षा असतात; नेटच्या यादीत ‘गणितीय जीवशास्त्र’ असा विषय नाही, सेटच्या नाही, कॉलेजच्या जाहिरातीत तर नाहीच. तुम्ही गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, जीवशास्त्र किंवा इंजिनिअरिंग यांपैकी एका दारातून आत येता आणि नोकरी मागायला पुन्हा त्याच दारात उभे राहता. म्हणून ‘मी दोन्हीकडचा’ हे वाक्य कौतुकाचं वाटलं तरी अर्जाच्या रकान्यात बसत नाही. एक विषय घर म्हणून पक्का करा, दुसरा शेजार म्हणून मनापासून जपा.

दामोदर धर्मानंद कोसंबी आपल्याला इतिहासकार म्हणून माहीत असतात. गोव्यात जन्मलेला हा माणूस पेशाने गणितज्ञ होता आणि बरीच वर्षं पुण्यात फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होता. गुणसूत्रावरच्या दोन जनुकांमधलं अंतर त्यांच्या पुनर्संयोजनाच्या (म्हणजे पुढच्या पिढीत जाताना त्यांची ताटातूट होण्याच्या) प्रमाणावरून कसं काढायचं, याचं एक सूत्र त्यांनी १९४०च्या दशकात दिलं. पिकांचे जनुकीय नकाशे करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मेनूत आजही ‘हॉल्डेन’ (याच अंतराचं दुसरं सूत्र) आणि ‘कोसंबी’ हे दोन पर्याय शेजारी-शेजारी दिसतात. कोसंबी जीवशास्त्रज्ञ झाले नाहीत. जीवशास्त्रातला एक अडलेला प्रश्न त्यांनी गणिताच्या घरात बसून सोडवला.

२. मुंबईच्या प्लेगचा पेपर स्वतःच्या हाताने करून बघा

हे क्षेत्र तुमच्यासाठी आहे की नाही, हे कळायला महिनाभराचा एक उद्योग पुरतो. १९२७ मध्ये कर्मॅक आणि मॅकेंड्रिक या दोघांनी साथीच्या रोगांच्या गणितावर एक पेपर लिहिला. कोविडच्या काळात ज्याचं नाव सगळीकडे ऐकू येत होतं ते ‘एसआयआर’ मॉडेल त्यातूनच आलं. यातला एकही जण नोकरीने गणिती नव्हता. मॅकेंड्रिक इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे संचालक राहिलेले. कर्मॅक एडिनबरोतले रसायनशास्त्रज्ञ, १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या अपघातात त्यांची दृष्टी गेली होती. आणि मॉडेल तपासायला त्यांनी आकडे घेतले ते आपल्या मुंबईचे: डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळात प्लेगने दर आठवड्याला किती माणसं गेली, ते.

असं करा:

अ) लागण होऊ शकणारे, आजारी आणि बरे झालेले किंवा गेलेले, अशा तीन गटांची समीकरणं कागदावर मांडा. त्यातलं एक्स्पोनेन्शियल पद दुसऱ्या घातापर्यंत उलगडा. उत्तर हायपरबॉलिक सेकंटच्या वर्गाच्या रूपात येतं.

आ) पेपरमध्ये मुंबईतल्या दर आठवड्याच्या मृत्यूंसाठी दिलेलं सूत्र आहे ८९० sech²(०.२t − ३.४), त्यात t आठवड्यांत. शिखर कधी येतं ते काढा. सतराव्या आठवड्यात, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर. आकड्यांवर ही वक्ररेषा काढून बघा. इतकी सुरेख बसते की पहिल्यांदा बघताना अंगावर काटा येतो.

इ) आता तो काटा उतरवा. वक्ररेषेत आकडे तीन. मॉडेलमध्ये अज्ञात राशी चार: लागणीचा दर, आजारातून बाहेर पडण्याचा दर, सुरुवातीला लागण होऊ शकणारे लोक आणि सुरुवातीचे रुग्ण. तीन आकड्यांतून चार गोष्टी ठरत नाहीत. म्हणजे वेगवेगळे दर धरले तरी हीच रेषा निघते. मग ती बसली म्हणून नेमकं काय कळलं?

ई) आणखी एक. हा प्लेग उंदरांचा, पिसवांमार्फत माणसात येणारा. १८९६ मध्ये तो मुंबईत आला आणि नंतर वर्षानुवर्षं हिवाळा सरताना चढायचा, उन्हाळा तापला की उतरायचा. साथ ओसरली ती लागण व्हायला माणसं उरली नाहीत म्हणून की ऋतू पालटला म्हणून? मॉडेलमध्ये ना उंदीर आहे ना ऋतू. माणसातला प्लेग ही उंदरांतल्या प्लेगची सावली आहे आणि दर साथभर कायम धरले आहेत, जे पुरतं खरं नाही, ही कबुली लेखकांनी स्वतःच पेपरमध्ये दिली आहे. ती वाचायची मात्र कुणी तसदी घेत नाही.

‘अ’ आणि ‘आ’ करताना मजा आली तर तुम्हाला गणित आवडतं. ‘इ’ आणि ‘ई’ने झोप उडाली तर इकडे या.

३. शिकायचं काय, साधनं कुठली

गणितातलं डिफरन्शियल इक्वेशन, स्थिरता, बायफर्केशन (एखादा आकडा थोडा बदलताच उत्तराचं रूपच पालटणं) हे तुम्ही शिकालच. आपली मुलं कच्ची राहतात ती संभाव्यता आणि संख्याशास्त्रात. पेशीत एखाद्या रेणूच्या पंधरा-वीसच प्रती असतील तर तिथे सरासरीचं समीकरण चालत नाही, यदृच्छ प्रक्रिया लागतात. मी हा विषय एमएस्सीला ‘स्कोरिंग नाही’ म्हणून टाळला होता आणि पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी बीएस्सीच्या पुस्तकापासून सुरुवात केली.

जीवशास्त्राचं हजार पानी पाठ्यपुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नका, चाळिसाव्या पानावर मिटतं. एक प्रश्न धरा आणि त्याच्यापुरतं खोल वाचा. जमल्यास एखाद्या लॅबमध्ये दोन महिने नुसते बसा. एक आकडा मिळवायला किती रात्री जातात आणि तो किती डळमळीत असतो, हे तिथे दिसतं. तिन्ही विज्ञान अकादम्यांची मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप असते, ती याच कामासाठी वापरा. गणिताचा पाया पक्का करायला एमटीटीएसची शिबिरं आहेत, बंगळुरूच्या आयसीटीएसमध्ये क्वांटिटेटिव्ह सिस्टम्स बायोलॉजीची हिवाळी शाळा भरत आली आहे.

साधनं: पायथन किंवा आर, दोन्ही फुकट. समीकरणांचं चित्र पटकन बघायला एक्सपीपीऑट. लिहायला लाटेक, कोड सांभाळायला गिट. साधा लॅपटॉप पुरतो. सावधगिरी एकच: सगळं काम मॅटलॅबमध्ये करू नका. संस्थेतून बाहेर पडलात की लायसन्स संपतं आणि पाच वर्षांचा कोड मॅटलॅबमध्ये चालवता येत नाही.

४. दार कुठलं ठोठवायचं

बारावीनंतर असाल तर आयसर या विज्ञान संस्था आणि त्यांची प्रवेश परीक्षा आयएटी, किंवा नायझर आणि मुंबईचं सीईबीएस या संस्थांची प्रवेश परीक्षा नेस्ट. बीएस्सीनंतर एमएस्सीच्या प्रवेशासाठी जॅम. पीएचडीसाठी सीएसआयआर-यूजीसी नेट वर्षातून दोनदा होते. तिच्यातून जेआरएफ (पीएचडीची फेलोशिप) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये, घरभाडं वेगळं. हे दर २०२३ पासूनचे. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो. गणितवाल्यांसाठी एनबीएचएमची (राष्ट्रीय उच्च गणित मंडळाची) शिष्यवृत्ती आहे. टीआयएफआर आणि एनसीबीएस या संशोधन संस्थांची प्रवेश परीक्षा वेगळी, आणि तिथे गणित-भौतिकीच्या मुलांना जीवशास्त्राचं पाठांतर विचारत नाहीत.

महाराष्ट्रातल्या मुलांनी बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या पीएचडी फेलोशिप विसरू नयेत. जेआरएफ हुकली म्हणजे सगळं संपलं असं नाही. यांच्या जाहिराती मात्र वर्षातून ठरलेल्या दिवशी येत नाहीत, लक्ष ठेवावं लागतं.

संस्था म्हणाल तर पुण्याचं आयसर, मुंबईत आयआयटी आणि टीआयएफआर, बंगळुरूला आयआयएससी आणि एनसीबीएस, चेन्नईचं आयएमएससी, कोलकात्याचं आयएसआय. पण संस्थेच्या नावापेक्षा पुढचा टप्पा महत्त्वाचा.

५. गाइड निवडताना

इथे घाई केलीत तर पाच वर्षं गेली म्हणून समजा.

आपल्याकडे या विषयात पेपर छापण्याची एक सोपी रीत पडून गेली आहे. १९२५-२६ मध्ये लोटका आणि व्होल्टेरा यांनी मांडलेलं भक्ष्य-भक्षकाचं मॉडेल घ्यायचं. त्यात एक पद वाढवायचं: भीती, विलंब, आजार, आसरा, काहीही. समतोल बिंदू काढायचे, स्थिरता सिद्ध करायची, हॉप्फ बायफर्केशन (समतोल मोडून आवर्तनं सुरू होणं) दाखवायचं, चार आकृत्या जोडायच्या. झाला पेपर. पुढच्या वर्षी दोन पदं. गणित चुकीचं नसतं. पण तो भक्षक कोण, राहतो कुठे, ते पद मोजलं कुणी, याचा पत्ता नसतो. मी स्वतः असे दोन पेपर लिहिले आहेत, तेव्हा हे दुसऱ्याकडे बोट दाखवून बोलत नाही.

त्यामुळे गाइडचे गेल्या पाच वर्षांतले पेपर उघडा आणि माझी साधी कसोटी लावा: प्राण्याचं नाव सापडतं का? वाघ, डास, यीस्ट, फळमाशी, काहीही चालेल. सगळीकडे नुसते x आणि y असतील तर जपून. शुद्ध सिद्धांताचं उत्तम कामही असतं, नाही असं नाही. ॲलन ट्युरिंगने १९५२ मध्ये रसायनांच्या पसरण्यातून ठिपके-पट्टे कसे उमटतील हे दाखवलं, तेव्हा त्याच्याकडे मोजमाप नव्हतंच. पण आपण सगळेच ट्युरिंग नसतो, आणि पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत ‘हे तपासलं कसं?’ असं विचारतातच.

आणखी बघायचं: सहलेखकांत एखादा प्रयोग करणारा माणूस आहे का, जुने विद्यार्थी आज कुठे आहेत, पीएचडीला सरासरी किती वर्षं लागतात. हे शेवटचं गाइडला विचारू नका, विद्यार्थ्यांना कँटीनमध्ये विचारा.

ईमेल लिहिताना ‘रिस्पेक्टेड सर’ म्हणून तीच मेल चाळीस जणांना पाठवलेली लगेच कळते. दहा ओळी पुरे. त्यांचा एक पेपर, त्यातली न पटलेली किंवा न समजलेली एक गोष्ट, आणि तुम्ही केलेला कोड. प्लेगचा उद्योग केला असेल तर तोच जोडा. मला पहिलं उत्तर अशाच मेलला आलं, तेही ‘तुमची तिसरी आकृती चुकली आहे’ एवढंच.

६. कागदपत्रं

– दहावीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्रं. परदेशासाठी विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट. यात महिने जातात, आधीच काढा.
– गुणांचं सीजीपीए किंवा टक्केवारीत रूपांतर करून देणारं विद्यापीठाचं पत्र.
– मायग्रेशन आणि टीसी.
– ओबीसी असाल तर नॉन-क्रीमी लेयर केंद्राच्या नमुन्यात, चालू आर्थिक वर्षाचं. राज्याचा नमुना केंद्रीय संस्थेत चालत नाही, आणि तुमची जात केंद्राच्या यादीत आहे का तेही आधी बघा. ईडब्ल्यूएसचंही वर्ष तपासा.
– राज्यातल्या राखीव जागांसाठी जातवैधता प्रमाणपत्र.
– पासपोर्ट. गरज पडल्यावर काढू म्हणू नका.
– दोन-तीन शिफारसपत्रं देणाऱ्यांची होकारपत्रं नाही, होकार. त्यांना तारखेच्या तीन आठवडे आधी आठवण करा.

नावाचा घोळ हा आपल्याकडचा खास आजार. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, आधारवर वडिलांचं नाव गायब. पहिला पेपर छापण्याआधी लेखक म्हणून एक नाव ठरवा, ते आयुष्यभर वापरा आणि ऑर्किड (ORCID) हा संशोधकाचा ओळख क्रमांक काढून ठेवा. मुलींनो, लग्नानंतर नाव बदलायचं की नाही हा तुमचा प्रश्न, पण पेपरवरचं बदलू नका. माझे पेपर दोन बायकांच्या नावावर आहेत आणि त्या दोघी मीच आहे, हे मी अजून समित्यांना पटवते आहे.

७. पेपर छापताना

गणितात लेखकांची नावं आडनावाच्या अकारविल्हे लावतात. जीवशास्त्रात काम करणारा पहिला आणि लॅबप्रमुख शेवटचा. तुमचं काम दोन्हींच्या मध्ये, म्हणून कुठली रीत पाळायची ते काम सुरू होतानाच बोलून घ्या. नाहीतर गणिताची समिती म्हणते ‘ठीक आहे’, आणि जीवशास्त्राची समिती विचारते, ‘तुम्ही चौथ्या का?’

जर्नलं: बुलेटिन ऑफ मॅथेमॅटिकल बायोलॉजी, जर्नल ऑफ थिअरेटिकल बायोलॉजी, जर्नल ऑफ मॅथेमॅटिकल बायोलॉजी, प्लॉस काँप्युटेशनल बायोलॉजी. आधी आर्काइव्हच्या (arXiv) क्यू-बायो विभागात किंवा बायोआर्काइव्हवर, म्हणजे छापण्याआधीचे पेपर ठेवायच्या संकेतस्थळांवर टाका, म्हणजे तारीख तुमच्या नावावर लागते. ‘चार दिवसांत स्वीकृती, फक्त अमुक रुपये’ अशी मेल आली की सरळ डिलीट करा. यूजीसीची मान्य जर्नलांची केअर यादी २०२५ मध्ये बंद झाली, तेव्हा तुमचं विद्यापीठ आता कुठलं जर्नल मान्य करतं ते लेखी विचारून घ्या.

८. पोस्टडॉक आणि परतीचा रस्ता

प्रबंध जमा करण्याच्या वर्षभर आधीपासून शोधायला लागा. सोसायटी फॉर मॅथेमॅटिकल बायोलॉजी आणि तशीच युरोपातली संस्था ईएसएमटीबी यांच्याकडे जागांच्या सूचना येतात, विद्यार्थ्यांना सभासदत्वात सवलत असते. परदेशात गणित विभागात पोस्टडॉक मिळालं तर शिकवावंही लागू शकतं, वैद्यकीय किंवा जीवशास्त्राच्या लॅबमध्ये मिळालं तर गणिताबद्दल बोलायला माणूस मिळत नाही. मी दुसऱ्या प्रकारात होते. डेटा भरपूर मिळाला, एकटेपणही.

भारतातच राहायचं तर नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप आहे, वयोमर्यादा ३५. ती पूर्वी सर्बकडे (SERB, केंद्राचं संशोधन मंडळ) होती, आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे. परत यायचं तर इन्स्पायर फॅकल्टी, रामानुजन, रामलिंगस्वामी या फेलोशिप. यातल्या इन्स्पायरची वयोमर्यादा ३२ आहे, आणि पीएचडीला सहा वर्षं लावलेल्याच्या ती हातातून कधी निसटते ते कळतही नाही. औषध कंपन्यांत फार्माकोमेट्रिक्सचं काम असतं, शरीरात औषध किती वेळ आणि किती टिकतं याची मॉडेल्स. तिकडे गेलेले माझे दोन मित्र सुखात आहेत आणि संध्याकाळी घरी असतात.

९. नोकरीचा अर्ज

पीएचडी झाली तरी नेट किंवा सेट काढून ठेवा. आपली सेट महाराष्ट्र आणि गोवा दोन्हींसाठी पुणे विद्यापीठ घेतं. ती एमएस्सीच्याच विषयात द्यायची असते, हौसेने लाइफ सायन्सेसचा फॉर्म भरू नका.

आणि सगळ्यात मोठा खड्डा. जाहिरातीत लिहिलेलं असतं, ‘संबंधित विषयातील पदवी’. माझ्या प्रबंधाच्या शीर्षकात ‘ट्यूमर’ हा शब्द होता. एका कॉलेजात छाननीच्या वेळी टेबलामागच्या गृहस्थांनी फाइल उलटी-पालटी केली आणि म्हणाले, ‘मॅडम, हे तर मेडिकलचं दिसतंय. जागा गणिताची आहे.’ आत दोनशे पानं समीकरणं होती. फाइल बाजूला गेली ती गेलीच, आणि त्या वर्षी मी तासिका तत्त्वावर शिकवलं.

तेव्हा शीर्षकात गणिताचा एक शब्द घालाच: ‘गणितीय’, ‘डायनॅमिक्स’, ‘स्टोकॅस्टिक’, काहीही. पदवी कुठल्या विद्याशाखेत आणि कुठल्या विषयात नोंदली आहे ते पीएचडी नोंदणीच्या दिवशीच पावतीवर वाचा. आणि ‘सदर संशोधन गणित विषयांतर्गत आहे’ अशा आशयाचं विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र प्रबंध जमा करण्याआधी घेऊन ठेवा. विभागप्रमुख दर तीन वर्षांनी बदलतात, आणि नव्या प्रमुखांना तुम्ही कोण हे माहीत नसतं.